घरच्या धंद्याला भोंगा नसतो

नांदेडच्या जुन्या माणसांना उस्मानशाही मिल चांगली ठाऊक आहे. मिलमध्ये कामाला पाळी होती. पाळी सुटली की कामगार घरी यायचा आणि उरलेला वेळ त्याचा असायचा. मिल बंद पडून बरीच वर्षे झाली. आता आपल्या वस्त्यांत कामच घरात आले आहे. कुणी ब्लाऊज शिवते, कुणी फॉल-पिको करते. कुणी शेवया-पापड करून देते, कुणी काळा मसाला विकते, कुणी लग्नकार्याच्या भाकरींची ऑर्डर घेते. लातूरच्या ट्यूशन एरियात आणि नांदेडच्या भाग्यनगर-बाबानगरकडे शिकवणीसाठी परगावची मुले येतात. त्यांचे डबे कितीतरी घरांतून जातात आणि त्यावर कितीतरी लेकरांच्या शाळेची फी भरली जाते.

या घरच्या धंद्याला भोंगा नसतो. तो सकाळी कधी सुरू होतो ते सांगता येते, रात्री कधी संपतो ते सांगता येत नाही. बाई दिवसभर राबते आणि शेजारीण म्हणते, "तुझं बरंय माय, घरी बसूनच तर करतीस."

अशा बाईला वेळेचे नियोजन कसे करावे याचे सल्ले भरपूर मिळतात. पहाटे चारला उठा, सगळे आवरून घ्या, रात्री लेकरे झोपली की उरलेले काम करा. आम्ही हा सल्ला देणार नाही. झोप आणि जेवण कापून मिळवलेला वेळ उधारीचा असतो आणि ती उधारी शरीर व्याजासकट वसूल करते. वेळ काढायचाच असेल तर तो कामाच्या पद्धतीतून, कामाच्या दरातून आणि घरातल्या इतर माणसांच्या हातांतून काढावा, एवढेच आमचे म्हणणे आहे.

वेळ जातो कुठे?

आधी हिशोब मांडू. समजा एक ताई बारा मुलांचे दोन वेळचे डबे करते. भाजी आणणे-निवडणे दीड तास. सकाळचा स्वयंपाक तीन तास. डबे भरून पोचवणे एक तास. संध्याकाळचा स्वयंपाक अडीच तास, पुन्हा पोचवणे एक तास. डबे आणि मोठी भांडी घासणे दीड तास. फोन, उधारी, हिशोब अर्धा तास. झाले अकरा तास. घरचे पाणी भरणे, धुणे, झाडलोट, लेकरांना शाळेला तयार करणे यांचे चार तास धरले तर पंधरा झाले. स्वतःची अंघोळ आणि जेवण, लेकराचा अभ्यास, सासूचे औषधपाणी, आल्यागेल्याचा चहा यांत आणखी चार तास जातात. झोपेला उरतात पाच. त्यात लेकराला ताप आला किंवा लाइट गेली तर तेही उरत नाहीत.

आमचे आकडे उदाहरणादाखल आहेत, तुमचे वेगळे असतील. पण देशाचे आकडेही हेच सांगतात. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या बाईचे दिवसाचे सरासरी २८९ मिनिटे बिनपगारी घरकामात जातात असे दिसले. म्हणजे जवळजवळ पाच तास. जे पुरुष घरकाम करतात त्यांचे जातात ८८ मिनिटे. बाकीचे पुरुष तर घरकामाला हातच लावत नाहीत.

मराठवाड्यात यात पाण्याची भर पडते. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, ते सारा देश पाहत होता. टँकरपुढे घागरी घेऊन उभ्या राहिलेल्या बायकांचे किती तास गेले ते मात्र कुणी मोजले नाहीत. आजही ज्या वस्त्यांत नळाला रोज पाणी येत नाही तिथे पाण्याचा दिवस हा धंद्याचा अर्धा दिवस बुडवतो. म्हणून नियोजनाचा पहिला नियम असा: पाण्याच्या दिवशी नवी ऑर्डर घेऊ नये आणि कुणाला "आजच देते" असे कबूल करू नये.

शरीर हिशोब ठेवते

मोठ्या माणसाला रोज किमान सात तास झोप लागते. ती रोज पाच तासांवर आली की आधी चिडचिड वाढते, मग विसर पडायला लागतो, मग हात चुकतो. कात्री बोटाला लागते, तेल हातावर उडते. पुढे रक्तदाब आणि साखर वाढण्याचा धोका असतो.

दुसरे, रक्त कमी होणे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांत रक्तक्षय आढळला. बारा घरची पोटे भरणारी बाई स्वतः दुपारी तीनला उरलेसुरले खाते आणि मध्ये चहावर दिवस काढते. जेवणासोबत किंवा लगेच नंतर चहा घेतला तर अन्नातले लोह अंगी कमी लागते. चहा जेवणाआधी किंवा नंतर तासभर तरी लांब ठेवावा. पालेभाजी किंवा डाळीवर लिंबू पिळावे, त्याने लोह चांगले शोषले जाते.

तिसरे, लघवी कोंडून धरणे. "एवढी बाही जोडून उठते," म्हणत दोन-दोन तास निघून जातात. उठावे लागू नये म्हणून पाणीही कमी प्यायले जाते. यातून लघवीची जळजळ, ताप, उन्हाळ्यात मुतखडा. पत्र्याच्या घरात एप्रिल-मे महिन्यांत चुलीपुढे किंवा मशीनवर बसणारीने पाण्याचा तांब्या हाताशी ठेवावा आणि दर तासाला प्यावे.

चौथे, पाठ, मान आणि मनगट. रात्री बोटांना मुंग्या येऊन जाग येत असेल तर तो मनगटातली नस दबल्याचा इशारा असू शकतो. अशा दुखण्यावर मेडिकलवरून गोळी आणून रोज खाणे धोक्याचे आहे. वेदनाशामक गोळ्यांच्या सवयीने पोटात जखम होते, मूत्रपिंडावर ताण येतो. झोप आणि भूक मारायला मिश्री किंवा तंबाखू लावणे हाही तसाच उधारीचा मार्ग आहे.

मालकीण तीच आणि मजूरही तीच

१९४६ साली कारखाना कायद्यात दुरुस्ती होऊन बारमाही कारखान्यांतला कामाचा आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आला. ते विधेयक आणले तेव्हा मजूर खाते बाबासाहेबांकडे होते. पुढे १९४८ च्या कारखाना कायद्यात ४८ तास कायम राहिले. पाच तास कामानंतर किमान अर्धा तास विश्रांती, आठवड्याची सुट्टी आणि जादा कामाला दुप्पट मजुरी याही गोष्टी त्यात आल्या. आपल्या उदाहरणातली ताई रोज अकरा तास धंद्याला देते. आठवड्याचे झाले ७७. कुठल्याही मालकाने तिला इतके राबवले असते तर आपण मोर्चा काढला असता. घरी मालकीण तीच आणि मजूरही तीच, म्हणून कुणी काही बोलत नाही.

तथागतांनी राजगृहात सिगाल नावाच्या तरुणाला जो उपदेश केला त्यात मालकाने कामकऱ्यांशी कसे वागावे याच्या पाच गोष्टी सांगितल्या आहेत. ताकदीप्रमाणे काम द्यावे, अन्न आणि मजुरी द्यावी, आजारपणात काळजी घ्यावी, गोडधोड वाटून खावे, वेळोवेळी सुट्टी द्यावी. घरच्या धंद्याच्या मालकिणीने स्वतःतल्या मजुराशी याच पाच गोष्टी पाळल्या तर वेळेचे निम्मे नियोजन तिथेच होते.

ताकदीप्रमाणे काम. एकाच जातीची कामे एका बैठकीत करावीत. शिवणकाम असेल तर चार ब्लाऊजचे कापड आणि अस्तर एकदम कापावे, मग मशीन चालवावी, मग हूक, तुरपाई आणि काज-बटण घ्यावे. प्रत्येक ब्लाऊजसाठी कात्री, मशीन, सुई असे फिरत राहिले तर वेळही जातो आणि कंबरही मोडते. बारीक हातशिलाई दिवसाच्या उजेडात दारापाशी करावी. रात्रीच्या अंधुक बल्बखाली सुई ओवत बसू नये. पाऊण तास मशीनवर बसले की उठून चार पावले चालावे, मान आणि खांदे फिरवावेत. मापाची वही ठेवली तर तीच माणसे पुन्हा मापाला बोलवावी लागत नाहीत.

डब्यांचे काम असेल तर आठवड्याच्या भाज्या आधी ठरवून भिंतीवर लिहून ठेवाव्यात. "आज काय करू" या विचारात रोज अर्धा तास जातो. लसूण सोलणे, मसाला वाटणे, शेंगदाण्याचा कूट ही कामे आठवड्यातून दोनदा करून ठेवावीत. कणीक मात्र उन्हाळ्यात आदल्या रात्री मळून बाहेर ठेवू नये, ती आंबते. सगळ्यात मोठी बचत पोचवण्यात आहे. बारा ठिकाणी जिने चढण्याऐवजी एक ठिकाण आणि एक वेळ ठरवून मुलांनीच डबा घ्यायचा असे केले, तर रोजचे दीड तास सहज वाचतात. महिन्याचे २६ दिवस धरले तर ३९ तास झाले.

अन्न आणि मजुरी. डबे भरण्याआधी स्वतःचे ताट वाढून बाजूला ठेवावे आणि डबे गेले की आधी जेवावे, मग भांड्यांना हात लावावा. मजुरीचा हिशोबही करावा. समजा सगळा खर्च जाता महिन्याला ९,००० रुपये उरले. रोज अकरा तास आणि २६ दिवस म्हणजे २८६ तास. तासाला पडले साधारण ३१ रुपये. हा आकडा एकदा कागदावर दिसला की "अजून दोन डबे वाढवू का" या प्रश्नाचे उत्तर वेगळे येते. पुष्कळदा दोन डबे वाढवण्यापेक्षा आहे त्या डब्यांचा दर थोडा वाढवणे आणि महिन्याचे पैसे आगाऊ घेणे हेच शहाणपणाचे असते. उधारी मागत फिरणे हेही कामच आहे, पण त्याचे पैसे कुणी देत नाही.

आजारपणात काळजी. धाप लागणे, छाती धडधडणे, पायांना सूज, लघवीच्या जळजळीसोबत थंडी-ताप, पाळीत फार रक्त जाणे यांपैकी काही असेल तर ऑर्डर संपायची वाट पाहू नये. हिमोग्लोबिनची तपासणी जवळच्या सरकारी आरोग्य केंद्रात करून घेता येते. गरोदर नसलेल्या बाईचे हिमोग्लोबिन १२ पेक्षा आणि गरोदर बाईचे ११ पेक्षा कमी असेल तर ते उपचाराचे लक्षण समजावे. मोठ्या तपासणीसाठी नांदेडला विष्णुपुरीचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, लातूरला विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्था आहे. मन सतत उदास असेल, विनाकारण रडू येत असेल, जगणे नकोसे वाटत असेल तर १४४१६ हा टेलिमानसचा नंबर मोफत आहे आणि मराठीत बोलता येते. हे बोलणे म्हणजे वेड लागणे नव्हे.

गोडधोड वाटून. भाकरीची मोठी ऑर्डर झाली, लग्नसराईचे पैसे हातात आले की ते सगळेच हप्त्यात आणि फीमध्ये जातात. त्यातले थोडे तरी स्वतःच्या खाण्यावर आणि कामाच्या सोयीवर खर्च करावेत: अंडी, फळे, पायमशीनला लहान मोटर, ओट्यासमोर हवा खेळती ठेवणारा पंखा. सोय वाढली की वेळ आपोआप वाचतो.

वेळोवेळी सुट्टी. आठवड्यातून एक संध्याकाळ डबा बंद, हे गिऱ्हाइकाला पहिल्याच दिवशी सांगावे. रविवारी संध्याकाळी मुले बाहेर खातात, त्यांचे काही अडत नाही. वर्षाचाही अंदाज बांधावा. बारावी आणि नीटच्या परीक्षा झाल्या की मे महिन्यात मुले गावी जातात आणि डबे कमी होतात. ते दिवस दवाखान्याच्या राहिलेल्या कामांचे आणि विश्रांतीचे आहेत. शिवणकामाची घाई एप्रिलमध्ये आणि जूनमध्ये असते. १४ एप्रिलसाठी पांढऱ्या कपड्यांची ऑर्डर १ एप्रिलपर्यंतच घ्यावी. शाळेच्या गणवेशांसाठीही शेवटची तारीख दारावर लिहून लावावी. जयंतीच्या आदल्या रात्री सगळी वस्ती मिरवणुकीची तयारी करते आणि शिवणारी ताई मात्र तीन वाजेपर्यंत मशीनवर बसते. सगळ्यांना पांढरे नेसवणारीला स्वतः मिरवणुकीत उभे राहायला ताकद उरत नाही. हे बदलले पाहिजे.

लेकरांचा वेळ

एका खोलीच्या घरात आईची मशीन चालते म्हणजे सगळे घर जागे असते. सहा ते बारा वर्षांच्या लेकराला रात्री नऊ ते बारा तास झोप हवी. रात्री साडेनऊनंतर ट्यूबलाइट आणि मशीन बंद, हा नियम आईसाठी आहे तितकाच लेकरांसाठीही आहे.

तीन ते सहा वर्षांचे मूल अंगणवाडीत जाते ते तास मोलाचे आहेत. उकळते तेल, गरम इस्त्री, कात्रीचे काम याच वेळेत उरकावे. शेगडी आणि मशीनभोवती खडूने रेघ मारून लहान लेकराला "ही रेघ ओलांडायची नाही" हे शिकवावे, पण केवळ रेघेवर विसंबू नये. कढई खाली जमिनीवर ठेवूच नये. शाळेतल्या लेकराने मोठ्याने धडा वाचावा आणि आईने शेजारी बसून तुरपाई करावी. दोघांचे काम होते आणि अर्धा तास बोलणेही होते.

तान्ह्या बाळाची गोष्ट वेगळी. पहिले सहा महिने बाळाला फक्त आईचे दूध हवे आणि ते दिवसरात्र थोड्या थोड्या वेळाने पाजावे लागते. त्या काळात धंदा निम्म्यावर आणावा. १९२८ साली मुंबई कायदेमंडळात बाळंतीण कामगार स्त्रियांच्या सवलतीच्या विधेयकाला बाबासाहेबांनी पाठिंबा दिला होता. कारखान्यातल्या बाईला जी विसाव्याची सवलत मिळावी म्हणून ते बोलले, ती आपल्या घरातल्या सुनेला आपण नाकारू नये.

आणि एक धोक्याची जागा. पुष्कळ घरांत आईचा वेळ वाचतो तो थोरल्या लेकीच्या वेळातून. धाकट्याला तीच सांभाळते, डबे तीच घासते, हळूहळू शाळेचे खाडे वाढतात. मुलाला मात्र कुणी पातेल्याला हात लावू देत नाही. आईच्या कष्टाचा भार लेकीच्या दप्तरावर पडत असेल तर तो धंदा कितीही चालला तरी तोट्याचाच आहे.

घरातले बाकीचे हात

रमाईंच्या कष्टांची आठवण आपण दर जयंतीला काढतो. ती काढताना एक तारीखही आठवावी. ७ फेब्रुवारी १८९८ ला जन्मलेल्या रमाई २७ मे १९३५ ला दीर्घ आजाराने गेल्या. वय होते ३७. त्यांच्या नावाने घरातल्या बाईला "अजून सोस" असे सांगणे हा त्यांचा मान नव्हे.

डब्याचे पैसे सगळ्या घराला लागतात, मग त्याचे कामही सगळ्या घराचे आहे. नवऱ्याने "मदत" करू नये, एखादे काम पूर्ण अंगावर घ्यावे: पाणी भरणे, भाजी आणणे किंवा डबे घासणे. मदत मागावी लागते. अंगावर घेतलेले काम न सांगता होते. दहा वर्षांवरच्या प्रत्येक लेकराने, मुलगा असो की मुलगी, स्वतःचे ताट आणि स्वतःचे अंथरूण सांभाळावे. सासऱ्यांना हिशोबाची वही देता येते, सासूबाईंना लसूण सोलता येतो. एकट्या बाईचे घर असेल तर शेजारणीशी अदलाबदल करावी. एकीने दोघींची लेकरे शाळेतून आणावीत, दुसरीने दोघींची भाजी.

गल्लीने मिळून ठरवावे

एकट्या बाईने दर वाढवला, रात्रीची ऑर्डर नाकारली तर गिऱ्हाईक शेजारच्या दारात जाते. ही भीती खरी आहे आणि म्हणूनच हा एकटीचा प्रश्न नाही. गल्लीतल्या पाच-सहा जणी एकत्र बसल्या तर दर टिकतो, सुट्टी टिकते, एखादी आजारी पडली तर तिचे चार डबे दुसरीला सांभाळता येतात आणि गिऱ्हाईकही तुटत नाही. बचत गट असेल तर बैठकीत हप्त्याच्या हिशोबासोबत तासांचा हिशोबही घ्यावा.

सुरुवात अशी करावी. लेकराची जुनी वही घ्या. सात दिवस, झोपण्याआधी, त्या दिवशी धंद्याला किती तास गेले, घराला किती आणि झोप किती झाली हे तीन आकडे लिहा. लिहिता येत नसेल तर लेकराकडून लिहून घ्या, म्हणजे त्यालाही कळेल आईचा दिवस केवढा असतो. येत्या रविवारी विहारात वंदना झाली की वह्या घेऊन थोडा वेळ बसा आणि एकमेकींचे आकडे वाचा. मग सगळ्यांना पाळता येईल असा एकच ठराव करा. आमच्या मते पहिला ठराव हा असावा: रात्री नऊनंतर ऑर्डरचा फोन गल्लीत कुणीच उचलायचा नाही.